री: आयडाहोला शिफ्ट झालं तर कॉलेज अॅडमिशन सोपी होते का?

एडिसनकर:

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या लिस्टवर दिवाळी अंकाच्या मेल्समधे मधेच घुसतोय, सांभाळून घ्या. माझी नोकरी आता पूर्ण रिमोट झालीये आणि लेक आठवीत आहे, त्यामुळे घरात सध्या एकच विषय. इथे न्यू जर्सीत तिच्या वर्गात निम्मी पोरं आपलीच, सगळ्यांचं मॅथ दोन वर्षं पुढे, सगळे डिबेटला, सगळे व्हायोलिनला, वेगळं दिसायचं तरी कसं. त्यात बायकोला कुणीतरी सांगितलं की बॉइसीला जा, आयडाहोचा पत्ता बघितला की हार्वर्डवाले अर्ज बाजूला काढून ठेवतात. मला आधी हसू आलं, पण नॅशनल मेरिटचे, म्हणजे पीएसएटी या एसएटीच्या सराव परीक्षेवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपचे, आकडे बघितले तर 2024 च्या बॅचला आमच्याकडे कटऑफ 223 आणि वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ डकोटात 207! तेच मार्क, फक्त घर दुसरीकडे. तर विकू का घर? सिरियसली विचारतोय.

फ्रिस्कोकर:

अहो, नॅशनल मेरिटचं सोडा, तिथे प्रत्येक स्टेटला त्यांच्या बारावीच्या मुलांच्या संख्येप्रमाणे जागा वाटून दिलेल्या असतात म्हणून कटऑफ वेगळे पडतात, अॅडमिशनशी त्याचा थेट संबंध नाही.

पत्त्याचा खरा खेळ बघायचा तर टेक्ससला या. 1996 मधे कोर्टाने हॉपवूड केसमधे वंश बघून अॅडमिशन देण्यावर बंदी घातली, मग 1997 मधे इथे कायदा आला की आपल्या हायस्कूलात जो पहिल्या दहा टक्क्यांत असेल त्याला सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप अॅडमिशन. खेड्यातले रिपब्लिकन आणि शहरातले ब्लॅक-लॅटिनो आमदार, दोघांनाही पटलेला कायदा, कारण दोघांच्याही शाळांतून ऑस्टिनच्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत फारशी पोरं जात नव्हती. पुढे ऑस्टिनच्या अशा आपोआप जागांना वर्गाच्या 75 टक्क्यांची मर्यादा घातली, त्यामुळे दहाचे झाले सहा आणि 2026 च्या फॉलपासून पाच. आता आमच्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोत काय होतं ऐका, पोरगा एसएटी या प्रवेश परीक्षेत 1600 पैकी 1540 वाला पण शाळेत रँक आठ टक्क्यांवर, की आपोआप जागेतून गेला बाहेर, आणि तीन तास लांबच्या छोट्या गावातला रँकवाला आत. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर शिव्या याच विषयावर पडतात. पण मी म्हणतो नियम लेखी आहे, सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. आणि आत गेला तरी कॉम्प्युटर सायन्स मिळेलच असं नाही हां, मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, मारामारी वेगळी.

बॉस्टनवाले काका:

एडिसनकर, हार्वर्डबद्दल ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. आशियाई मुलांशी भेदभाव होतो म्हणून त्यांच्यावर 2018 साली बॉस्टनच्या कोर्टात खटला चालला तेव्हा बरंच बाहेर आलं. ते जगभरचे अर्ज भूगोलाप्रमाणे वीसेक गठ्ठ्यांत विभागतात, त्यांना डॉकेट म्हणतात, आणि प्रत्येक गठ्ठा त्या भागाची माहिती असलेली माणसं आधी वाचतात. म्हणजे तुमच्या लेकीचा कागद पहिल्यांदा तिच्याच शाळेच्या, तिच्याच आसपासच्या पोरांशेजारी ठेवला जाणार, मोंटानाच्या पोराशी तुलना नंतर. बायकोला कुणी सांगितलं त्यात इतपत तथ्य आहे.

दुसरं, जिथून अर्ज कमी येतात अशा वीस राज्यांना ते स्पार्स कंट्री म्हणायचे आणि तिथल्या मुलांना पीएसएटीच्या मार्कांवर आमंत्रणाची पत्रं पाठवायचे. नुसतं ‘अर्ज करा’ असं पत्र, अॅडमिशन नव्हे. त्यात गोऱ्या मुलांना 1310 ला पत्र, आशियाई मुलींना 1350, आशियाई मुलांना 1380. हे असं का, म्हणून तिथले अॅडमिशनचे डीन फिट्झसिमन्स यांना कोर्टात विचारलं, तेव्हा त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की काही जण अशा राज्यात वर्ष-दोन वर्षंच राहिलेले असतात आणि काहींचं सगळं आयुष्य तिथे गेलेलं असतं. हे वाचून मला तुमच्यासारखे घर विकायला निघालेले लोकच आठवले. त्यांना ही चाल माहीत आहे.

आणि या भूगोलाचं मूळही फार सोज्वळ नाही. 1922 च्या सुमाराला हार्वर्डमधे ज्यू मुलं वीस टक्क्यांच्या वर गेली, प्रेसिडेंट लॉवेलना ते खुपत होतं. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला. मग दक्षिणेतून, पश्चिमेतून, लहान गावांतून मुलं आणा, वर्गात पहिल्या सातव्या हिश्श्यात असतील तर प्रवेश परीक्षासुद्धा नको, असा मार्ग निघाला. त्यानेही हवा तो परिणाम झाला नाही म्हणून 1926 मधे चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, अर्जावर फोटो वगैरे सुरू झालं. न्यूयॉर्कच्या ज्यू पोरांची गर्दी कमी करायला जो नकाशा उघडला तोच आज एडिसनच्या पोरांना आडवा येतोय, यात मला तरी गंमत कमी आणि राग जास्त वाटतो. तरीही खेड्यातल्या पोराला संधी मिळू नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः खेड्यातलाच.

बॉइसीकर:

काकांचं सगळं वाचलं, आता बॉइसीबद्दल बोलतो कारण राहतो मीच. पहिली गोष्ट, बॉइसी खेडं नाही. मायक्रॉनचं हेडक्वार्टर इथे आहे, आपली माणसं आहेत, पोहे मिळतात, आणि गणपती आम्ही शाळेच्या जिममधे बसवतो. 2023 मधे सोळा कॉलेजांनी मिळून खेड्यातल्या पोरांसाठी स्टार्स नावाचं नेटवर्क काढलं, शिकागो, येल, एमआयटी सगळे त्यात, पण ते ज्या पोराला शोधतायत तो गुरं राखून शाळेला जाणारा, ज्याच्या शाळेत कॅल्क्युलस शिकवायला माणूस नाही. चिप डिझाइन करणाऱ्या बापाची पोर त्यांना तिच्या पत्त्यावरून नाही, शाळेच्या प्रोफाइलवरून आणि आईबापांच्या डिग्रीवरून लगेच कळते.

माझ्या मुलीच्या शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचे, विषय मोजकेच होते, रोबोटिक्सची टीम आम्ही पालकांनी उभी केली, रिसर्च करायला प्रोफेसर शोधताना जीव गेला. कमी गर्दी म्हणजे कमी सोयी, हे कुणी सांगत नाही. इथला भूगोलाचा खरा फायदा वेगळाच आहे. 2015 पासून आयडाहो बारावीच्या मुलांना स्वतःहून पत्र पाठवतं की तुम्हाला स्टेटच्या अमुक कॉलेजांत अॅडमिशन आहे. आणि पश्चिमेकडच्या राज्यांचा एक करार आहे त्यात दुसऱ्या राज्यातल्या बऱ्याच सरकारी कॉलेजांत तिथल्या फीच्या दीडपटीत शिकता येतं. पण यासाठी न्यू जर्सीतून कुणी उठून येत नाही, कारण व्हॉट्सअॅपवर ही कॉलेजं सांगायला भारी वाटत नाहीत.

कॅरीकर (मूळच्या लातूरकर):

एडिसनकर दादा, हार्वर्डच्या नादात जवळचं का सोडताय? आमच्या नॉर्थ कॅरोलिनात चॅपल हिलच्या सरकारी युनिव्हर्सिटीत बाहेरच्या राज्यातली मुलं पहिल्या वर्षाच्या वर्गात 18 टक्क्यांपर्यंतच, 1986 पासूनचा नियम. भूगोल जिथे खरंच चालतो तो असा, उघड, आणि त्यात इथल्या मुलांना फी पण बाहेरच्यांच्या निम्म्याहून कमी. फक्त वर्षभर आधी येऊन खरंखुरं राहायला लागतं, टॅक्स, लायसन, सगळं इथलं.

मला तर हे सगळं वाचून आपलं 70:30 आठवलं. मेडिकलला विभागातल्या मुलांना 70 टक्के जागा, बाहेरच्यांना 30. मराठवाड्यात कॉलेजं कमी, पोरं हुशार, लातूर पॅटर्नवाली, तरी मुंबई-पुण्याच्या जागांसाठी त्या तिसातच भांडायचं. 2020 मधे गेला एकदाचा तो नियम. तेव्हा आम्ही म्हणायचो पत्त्यावर न्याय नको, मार्कांवर द्या, आणि विदर्भातली, मुंबईची मंडळी म्हणायची आमच्या पोरांचं काय. इथे येऊन आपणच मुंबईकर झालोय.

फ्रिस्कोकर:

ताई, शेवटचं वाक्य आमच्या ग्रुपवर टाकू का?

एडिसनकर:

सगळ्यांचे आभार. बायकोला सगळी मेल्स वाचून दाखवली, आयडाहो कॅन्सल. लेक म्हणाली की मला कुणी विचारलंच नाही, तिला ऑर्केस्ट्रा सोडायचा नाहीये. सध्या दहावीपर्यंत इथेच. कॅरीकर ताई, एक विचारू का, तिकडे टाउनहाऊस काय भावाने जातायत?

कॅरीकर:

दादा, भाव वेगळ्या मेलवर कळवते, नाहीतर सेक्रेटरी दोघांनाही लिस्टवरून काढतील.