प्रतिसाद: आधी फक्त मेन जेट बदला

नवा एअर फिल्टर बसवल्यापासून एटीव्ही (जाड टायरची ऑफ-रोड गाडी) फुल थ्रॉटलला गुदमरते, म्हणून कार्ब्युरेटरमधले मेन आणि पायलट दोन्ही जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू) एकदम बदलायचा सल्ला वर आलाय. कृपया तसं करू नका. पायलटचं काम आयडलपासून पाव थ्रॉटलपर्यंत, मधल्या भागात कार्ब्युरेटरच्या सुईचं, शेवटच्या पाव भागात मेन जेट. तो एकेक नंबरने वाढवा आणि दर वेळी स्पार्क प्लग बघा: पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त.

जेट पितळेचा, मऊ असतो. खाचेत नेमका बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. ढिल्या पात्याने माझ्या जेटची खाच पार गुळगुळीत झाली होती, तो काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आणि फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडण्याआधी इंजिन थंड, पेट्रोलचा कॉक बंद!