जतच्या मुरमाड जमिनीत बिस्मार्क पाम टिकेल का?

प्रश्न (जत)
नमस्कार. घरासमोर निळसर-रुपेरी पानांचा बिस्मार्क पाम लावण्याचा विचार आहे. हात-दीड हातावर मुरूम लागतो, बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे आणि एप्रिल-मेमध्ये तेही जेमतेम मिळते. रोपवाटिकेत ‘याला पाणी लागतच नाही’ असे सांगितले गेले; त्यावर कितपत विसंबावे? जागा कुंपणाच्या भिंतीपासून सहा फुटांवर आहे.

उत्तर (आटपाडी)
हा पाम मूळचा मादागास्करच्या पश्चिम व उत्तर भागांतील गवताळ माळांवरचा असल्याने आपले ऊन त्याला मानवते. परंतु पाणी लागत नाही हे मुळे खोल गेलेल्या झाडाबद्दल खरे आहे, पिशवीतल्या रोपाबद्दल नव्हे. पहिले दोन उन्हाळे पाच-सहा दिवसांआड, पण ओल मुळांच्या खालपर्यंत पोचेल इतके पाणी द्यावेच लागते, कारण रोज तांब्याभर पाणी शिंपडल्यास मुळे वरच्या थरातच घुटमळतात. तेवढे पाणी मे महिन्यात मिळणार नसेल, तर लागवड न केलेली बरी. तीन फुटांचा खड्डा घेऊन मुरूम फोडावा. तळाशी कातळ लागला तर जागाच बदलावी. तेथे पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात. जमिनीतून काढून आणलेले मोठे झाड कितीही देखणे असले तरी घेऊ नये, कारण मुळांना झालेली इजा या जातीला सोसत नाही. लहान रोप मातीचा गोळा न फोडता लावावे. आणि सहा फूट फारच कमी आहेत: पूर्ण वाढलेल्या झाडाचा पसारा वीस फुटांपर्यंत जातो.

उत्तर (कोरेगाव)
वरील मताशी सहमत आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह व मँगनीज मुळांना मिळत नाहीत, त्यामुळे नवी पाने पिवळी पडली तर पाण्याचे प्रमाण वाढवण्याआधी सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करून पाहावी. याउलट जुन्या पानांवर नारिंगी ठिपके दिसू लागले तर पालाश (पोटॅशियम) कमी पडते आहे असे समजावे. अशी पाने पूर्ण वाळेपर्यंत छाटू नयेत, कारण त्यांच्यातलेच पालाश झाड नव्या पानांसाठी वापरत असते. उकिरडा जवळ नसावा, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात वाढतात आणि भुंगा पामचा कोंब पोखरतो.

प्रश्नकर्ता (जत)
मनःपूर्वक आभार. विहिरीकडच्या बाजूला ऐसपैस जागा आहे, तेथे खड्डा घेऊन कातळ लागतो का ते आधी पाहतो. भिंतीलगत मग काय लावावे?

उत्तर (आटपाडी)
बॉटल पाम. तो मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा, सावकाश वाढणारा आणि कमी पसाऱ्याचा आहे. मूळ धरेपर्यंत पाण्याचा नियम त्यालाही तोच.