शब्दचर्चा : संख्यात्मक उकलीतले 'अभिसरण', 'स्थिर' आणि 'कोटी'

सीमारेषा

आंशिक अवकल समीकरणांची संख्यात्मक उकल हा एम.एस्सी.चा विषय मराठीतून लिहायचा झाला तर तीन शब्द जागोजागी अडतात. कन्व्हर्जन्सला 'अभिसरण' लिहिले जाते. स्टेबल आणि स्टेडी या दोन्हींना 'स्थिर' लिहिले जाते. ऑर्डरला 'कोटी' लिहिले जाते. 'अवकल' की 'विकलक' या वादात इथे शिरू नये ही विनंती. विश्वकोशात अवकल समीकरण आहे, तेच पुरे. वर दिलेल्या तिन्हींसाठी कुठले शब्द घ्यावेत, आणि का?

अन्वस्त

'अभिसरण' आधीच घेतलेला शब्द आहे. शाळेच्या विज्ञानात उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन प्रकार प्रत्येकाने पाठ केलेले असतात, शिवाय रक्ताभिसरण आहेच. मराठी वाचकाला 'अभिसरण' म्हटले की काहीतरी वाहते आहे, फिरते आहे असेच वाटते. आणि या विषयात ते वाहणेही शिकवायचे असते : अभिसरण-विसरण (वाहणे आणि पसरणे) समीकरण हा त्यातला मुख्य नमुना. मग 'अभिसरण प्रबळ असेल तर अभिसरणासाठी जाळी बारीक लागते' असे वाक्य तयार होते. विधान खरे आहे (जाळी म्हणजे ज्या बिंदूंवर उत्तर काढायचे त्यांची मांडणी), पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यातून काही हाती लागणार नाही.

गणितात 'अभिसारी श्रेढी' आणि 'अपसारी श्रेढी' हे शब्द रुळलेले आहेत. त्यांच्यावरून 'अभिसारिता' घ्यावी आणि 'अभिसरण' प्रवाहासाठी राखून ठेवावे. विसरण नसलेल्या निव्वळ वाहण्यासाठी 'वहन' घेऊ नये, कारण तो शब्द उष्णतेच्या पहिल्या प्रकाराकडे गेला आहे, 'अभिवहन' बरा.

'अभिसारिता' घेतल्यावरही एक विशेषण लागतेच. गाउस-सायडेलसारख्या, उत्तर फेरीफेरीने सुधारणाऱ्या पद्धतीने समीकरणसंच सोडवताना दर फेरीला शेष, म्हणजे उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारा फरक, घटत जातो आणि दशलक्षांशावर आला की प्रोग्राम थांबतो. ही फेऱ्यांची अभिसारिता. जाळीवरची बैजिक समीकरणे सुटली, एवढेच ती सांगते. मूळ अवकल समीकरणाचे उत्तर किती जवळ आले याबद्दल ती काही बोलत नाही. त्यासाठी जाळीची अभिसारिता तपासावी लागते : जाळीअंतर निम्मे, मग पुन्हा निम्मे करून तीन उत्तरे काढायची आणि लागोपाठच्या उत्तरांमधल्या फरकांचे गुणोत्तर पाहायचे. ते ४ च्या आसपास आले तर पद्धत दुसऱ्या क्रमाची, म्हणजे त्रुटी जाळीअंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, २ आले तर पहिल्या. अहवालात नुसते 'उत्तर अभिसारी आहे' लिहिलेले असते आणि खाली शेषाचा आलेख जोडलेला असतो, तेव्हा जाळीबद्दल काहीच सिद्ध झालेले नसते. ही गफलत फार सर्रास होते. तेव्हा 'कशाची अभिसारिता' हे दर वेळी लिहायलाच हवे.

लघुरूप

वर्गात सगळे 'स्कीम कन्व्हर्ज होते' आणि (आकडे बेसुमार वाढत गेले की) 'सोल्यूशन फुटले' असेच बोलतात. कन्व्हर्जन्स, स्टेबिलिटी हे देवनागरीत तसेच लिहिले तर काय बिघडते?

त्रिकर्ण

बोलताना काहीच बिघडत नाही, आणि 'उत्तर फुटणे' हा तर अस्सल, नेमका प्रयोग आहे. तो पुस्तकातही ठेवावा. पण लिहिताना विशेषणे, नामे, क्रियापदे सगळीच लागतात : स्थैर्य, अस्थैर्य, स्थैर्यमर्यादा, सशर्त स्थैर्य. मराठी शब्दाला हे प्रत्यय सहज लागतात.

'स्थिर'बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे नुसता शब्द नाही, तर समजच घसरते. काळानुसार तापमान बदलायचे थांबले, ही झाली स्थायी अवस्था. हा भौतिक प्रणालीचा गुण. गणनेत शिरलेली बारीक चूक पुढच्या काळपायऱ्यांत वाढत जात नाही, हे झाले स्थैर्य. हा पद्धतीचा गुण. दोन्हींना 'स्थिर' म्हटले की 'स्थिर उत्तर मिळाले' याचे दोन अर्थ होतात. तिसरा अर्थ अचर राशीचा. तिथे 'अचर' किंवा 'स्थिरांक' लिहावे, नुसते 'स्थिर' नको.

पक्के उदाहरण घ्या. १ मीटर लांबीची तांब्याची सळई, उष्णता-विसरणांक (उष्णता किती झपाट्याने पसरते याचे माप) सुमारे ०.०००११ चौरस मीटर प्रति सेकंद, जाळीअंतर १ सेंटिमीटर. पद्धत व्यक्त, म्हणजे पुढच्या क्षणाचे मूल्य आत्ताच्या मूल्यांवरून थेट काढायचे : काळात पुढचा फरक (पुढच्या आणि आत्ताच्या क्षणांच्या मूल्यांतला), अवकाशात मध्य फरक (दोन्ही बाजूंच्या बिंदूंवरून काढलेला). विसरणांक गुणिले काळपायरी भागिले जाळीअंतराचा वर्ग, या गुणोत्तराला र म्हणू. र हे १/२ पेक्षा जास्त नको. सारख्या अंतराच्या द्विमितीय जाळीवर १/४, त्रिमितीत १/६. आपल्या सळईसाठी काळपायरी जास्तीत जास्त ०.४५ सेकंद. जाळीअंतर अर्धा सेंटिमीटर केले की ती ०.११ सेकंदांवर येते. बिंदू दुप्पट, पायऱ्या चौपट, म्हणजे काम आठपट.

र = ०.६ ठेवला तर काय होते? एकाआड एक चिन्ह बदलणारा जो सर्वांत आखूड तरंग जाळीवर बसतो, तो दर पायरीला (१ − ४र) ने, म्हणजे −१.४ ने गुणला जातो. ५० पायऱ्यांत तो सुमारे २ कोटी पट होतो. तरीही आरंभीचे तापमान गुळगुळीत ज्या-वक्रासारखे (साइन) दिले असेल तर ५० व्या पायरीला आलेख सुरेख दिसतो! कारण त्या तरंगाची सुरुवात पूर्णांकन त्रुटीतून (संगणक संख्या ठरावीक अंकांपुरतीच ठेवतो, त्यातून येणाऱ्या चुकीतून) होते, आणि ती असते सोळाव्या दशांश स्थळाच्या आसपास. उत्तराएवढी मोठी व्हायला तिला साधारण ११० पायऱ्या लागतात. म्हणून ४० पायऱ्या चालवून 'पद्धत स्थिर आहे' असा निष्कर्ष काढू नये. आरंभीच्या तापमानात एका बिंदूवर उडी ठेवली तर तेच अस्थैर्य पाच-सहा पायऱ्यांत उघडे पडते. चाचणीसाठी तीच घ्यावी.

सीमारेषा

क्रँक-निकोल्सन पद्धत कुठल्याही काळपायरीला स्थिर म्हणतात, पण उडी असेल तिथे तिचेही उत्तर वरखाली होते. त्यालाही अस्थैर्य म्हणायचे का?

त्रिकर्ण

नाही, आणि हा भेद शब्दातही दिसला पाहिजे. ते दोलन. १९४७ ची ही पद्धत अव्यक्त आहे : पुढच्या क्षणाची अज्ञात मूल्ये एकमेकांत गुंतलेली, दर पायरीला त्रिकर्ण आव्यूह (फक्त मुख्य कर्ण आणि त्याच्या शेजारचे दोन कर्ण भरलेला) सोडवायचा. तिच्यात आखूड तरंगाचा गुणक (१ − २र)/(१ + २र) येतो. र = १० असेल तर तो −०.९०. चूक वाढत नाही, म्हणजे स्थैर्य आहे. पण दर पायरीला चिन्ह पालटते आणि फक्त दहाएक टक्क्यांनी घटते. २० पायऱ्यांनंतरही मूळच्या १३ टक्के शिल्लक राहते. अव्यक्त ऑयलर पद्धतीत (अवकाशातला फरक पूर्णपणे पुढच्या क्षणाच्या मूल्यांवरून) तोच गुणक १/(१ + ४र), म्हणजे १/४१. एकाच पायरीत दोलन जवळजवळ नाहीसे. म्हणून आरंभीच्या दोन-चार पायऱ्या अव्यक्त ऑयलरने, त्याही अर्ध्या आकाराच्या, घ्यायच्या आणि मग क्रँक-निकोल्सनकडे वळायचे.

अभिसरण-विसरणातही असेच. वेग गुणिले जाळीअंतर भागिले विसरणांक ही संख्या २ च्या वर गेली की मध्य फरकाने काढलेल्या स्थायी उत्तरात लहरी येतात. काळपायरीच नाही तर अस्थैर्य कसले? तेही दोलनच. उपाय म्हणजे जाळी बारीक करणे, किंवा प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूचा फरक घेणे. दुसऱ्या उपायात वेग गुणिले जाळीअंतराच्या निम्म्याइतके कृत्रिम विसरण उत्तरात मिसळते आणि तीव्र उतार पसरट होतात, हे लिहून ठेवावे.

अन्वस्त

यात 'सुसंगती' राहिली, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित शब्द आहे. जाळीअंतर आणि काळपायरी दोन्ही शून्याकडे नेली की फरक-समीकरण मूळच्याच अवकल समीकरणाकडे जाते का? जात असेल तर पद्धत सुसंगत. लॅक्स आणि रिक्टमायर यांच्या १९५६ च्या लेखातला सिद्धांत याच तीन शब्दांवर उभा आहे : सुविहित रेषीय आरंभमूल्य समस्येसाठी पद्धत सुसंगत असेल तर स्थैर्य आणि अभिसारिता समतुल्य. सुविहित म्हणजे उत्तर असते, एकच असते आणि दिलेल्या माहितीवर संततपणे अवलंबून असते. यातल्या दोन कल्पनांना एकच शब्द वापरला तर विधानच उरत नाही.

सुसंगती आपोआप असते असे मानणाऱ्याने ड्यू फोर्ट-फ्रँकेल पद्धत पाहावी, १९५३ ची. ती व्यक्त आहे आणि तरी उष्णता समीकरणासाठी कुठल्याही काळपायरीला स्थैर्य राखते. पण काळपायरी आणि जाळीअंतर यांचे गुणोत्तर कायम ठेवून जाळी बारीक करत गेलात तर तिच्यात काळातल्या दुसऱ्या अवकलजाचे एक जादा पद उरते. अन्वस्तीय (उष्णता पसरण्याच्या प्रकारचे) समीकरण अपास्तीय (तरंगाच्या प्रकारचे) होऊन बसते आणि उष्णता दर काळपायरीला एक जाळीअंतर अशा मर्यादित वेगाने सरकते. उत्तर फुटत नाही, दोलन नाही, तीन जाळ्यांवरची उत्तरे छान जुळत जातात. फक्त ती दुसऱ्याच समीकरणाची असतात. सुसंगतीसाठी ते गुणोत्तरही शून्याकडे न्यावे लागते.

दोष ओळखण्यापुरते सांगायचे तर, काळपायरी तीच ठेवून जाळी बारीक केल्यावर उत्तर फुटले तर स्थैर्य तपासा. उत्तर शांतपणे चुकीच्या जागी जाऊन थांबले तर सुसंगती तपासा. सीमाशर्त (टोकांवर घातलेली अट) चुकीची लिहिली असली तरी हेच दुसरे लक्षण दिसते, म्हणून ती आधी पाहावी.

लघुरूप

पटले. 'कोटी'चे काय?

सीमारेषा

वरचे प्रतिसाद वाचून माझे मत 'क्रम'कडे झुकले आहे. शाळेत बहुपदीची कोटी म्हणजे घात, आणि इथे समीकरणाची ऑर्डर, अचूकतेची ऑर्डर आणि आव्यूहाची ऑर्डर अशा तीन गोष्टी. शिवाय वर 'सुमारे २ कोटी पट' आलेच आहे.

त्रिकर्ण

'क्रम' योग्य, पण 'अचूकतेचा क्रम' असे पूर्ण लिहावे. दुसऱ्या क्रमाचे समीकरण पहिल्या क्रमाच्या अचूकतेने सोडवणे अगदी शक्य आहे. टोकाला उष्णताप्रवाह शून्य अशी सीमाशर्त असताना आत मध्य फरक आणि टोकाला एकतर्फी साधा फरक घेतला की नेमके हेच घडते : त्रुटींचे गुणोत्तर ४ वरून २ वर येते आणि दोष आतल्या सूत्रात शोधला जातो. सळईबाहेर एक आभासी बिंदू धरून त्याचे मूल्य आतल्या पहिल्या बिंदूएवढे ठेवले की गुणोत्तर पुन्हा ४.

या सीमाशर्तीला नॉयमन सीमाशर्त म्हणतात; तिचे नॉयमन आणि वर आखूड तरंगाचा गुणक पाहून केलेल्या स्थैर्याच्या कसोटीचे नॉयमन हे वेगळे, तेही टिपणात असू द्या. सीमाशर्त एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती कार्ल नॉयमन यांच्या नावाची. कसोटी हंगेरीत जन्मून अमेरिकेत गेलेले जॉन फॉन नॉयमन यांची. कसोटीला 'फॉन नॉयमन कसोटी' असे पूर्ण नाव लिहावे.