पेनड्राइव्हवरून इनिटरामएफएस बनवताना

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या बोर्डाला दुसऱ्या मशीनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेली साटा एसएसडी लावली आणि बूट होताना 'रूट सापडत नाही' (म्हणजे मुख्य सिस्टिमचं विभाजन दिसत नाही) म्हणून अडतं, असा मूळ प्रश्न. त्यावर एकाने सुचवलंय की लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) सीएचरूट करून, म्हणजे एसएसडीवरच्या सिस्टिममध्ये शिरून, एमके-इनिटरामएफएस चालवा; ही कमांड इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला रूट शोधायला लागणारे ड्रायव्हर असलेली छोटी इमेज, नव्याने बनवते. मार्ग बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे. आवृत्ती दिली नाही तर ही कमांड चालू कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती धरते, आणि सीएचरूटमध्येही चालू कर्नल पेनड्राइव्हचाच! त्यापेक्षा 'अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल' द्या, म्हणजे एसएसडीवर असलेल्या सगळ्या कर्नलच्या इमेज नव्याने बनतील. बूटचं विभाजन वेगळं असेल तर ते आधी माउंट करा (जोडून घ्या), नाहीतर नवी इमेज रिकाम्या फोल्डरात जाऊन पडेल आणि तुम्ही कपाळाला हात लावून बसाल.

मूळ कारण बहुधा हे: इन्स्टॉल करताना 'टार्गेटेड' निवडलं की इमेजमध्ये फक्त त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर जातात. इनिटरामएफएसच्या सेटिंगमधल्या कॉन्फ-डी फोल्डरातल्या ड्रायव्हर-पॉलिसी फाइलीत 'डेप' (फक्त लागणारे ड्रायव्हर) असेल तर 'मोस्ट' (बहुतेक सगळे) करा आणि मग वरची कमांड द्या. मुख्य कॉन्फ फाइल बघून फसू नका, ही तिच्यावर मात करते. इमेज थोडी फुगेल, फुगू दे. रीबूटआधी एलएस-इनिटरामएफएस (इमेजमध्ये काय आहे ते दाखवणारी कमांड) लावून तुमच्या साटा कंट्रोलरचा (डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर आत आहे का बघा.

आणि हो, सगळ्यात आधी बायोसमध्ये साटा जुन्या 'आयडीई' मोडवर आहे का पाहा. नवा 'एएचसीआय' मोड केल्यावर कदाचित यातलं काहीच करावं लागणार नाही.