मदत हवी आहे: असईला लढलेल्या १९व्या लाइट ड्रॅगून्सचा आजचा वारस कोण?

नमस्कार मंडळी,

येत्या २३ सप्टेंबरला आमच्या शाळेत असईच्या लढाईवर मुलांचं प्रदर्शन लावतोय. शाळा जालना जिल्ह्यातलीच, त्यामुळे केळना आणि जुई या नद्या मुलांच्या रोजच्या ओळखीच्या. नकाशा, शिंदे-भोसल्यांची फौज, इंग्रज सेनापती वेलस्लीने नदी कुठून ओलांडली, हे तक्ते तयार आहेत. अडलंय ते "लढलेल्या रेजिमेंटांचं पुढे काय झालं?" या तक्त्यावर.

घोळ १९व्या लाइट ड्रॅगून्सचा, म्हणजे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाच्या एका रेजिमेंटचा आहे. १८०३ साली वेलस्लीच्या फौजेतलं ते एकमेव गोरं घोडदळ. त्यांचा लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल साऱ्या घोडदळाचा प्रमुख होता आणि लढाईच्या शेवटी पुन्हा चालून जाताना तो मारला गेला. एका ठिकाणी वाचलं की हे रेजिमेंट १८२१ मध्ये मोडीत निघालं. दुसरीकडे १९व्या हुसार्सच्या (हेही हलकं घोडदळच) बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' ही अक्षरं दिसतात, आणि ते रेजिमेंट तर १८५८ नंतरचं! शिवाय आजच्या ब्रिटिश लष्करातलं 'लाइट ड्रॅगून्स' हे रेजिमेंटही असईचा मान (लढाईत लढल्याबद्दल मिळणारा अधिकृत सन्मान) सांगतं.

मोडलेल्या रेजिमेंटचा मान दुसऱ्यांकडे जातो कसा? तक्त्यावर सरळ रेघ काढावी की तुटक? मुलं हा प्रश्न विचारणारच, आणि त्यांना उडवाउडवीचं उत्तर द्यायचं नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

सर, उपक्रम फार आवडला. तुमच्या तिन्ही माहित्या बरोबर आहेत, त्या फक्त क्रमाने लावायला हव्यात.

हे रेजिमेंट १७८१ मध्ये भारतासाठीच उभं केलं, तेव्हा त्याचा क्रमांक २३ होता. भारतात आलेलं ब्रिटिश राजाचं हे पहिलं घोडदळ. १७८६ मध्ये क्रमांक १९ झाला. टिपूशी झालेल्या लढाया, मग असई, पुढे कॅनडात अमेरिकेविरुद्ध नायगाराची मोहीम. नंतर हातात भाले देऊन त्यांना 'लान्सर्स' केलं आणि १८२१ च्या काटकसरीत बरखास्त केलं. माणसांची साखळी इथे संपली.

१८५८ मध्ये कंपनीने बंगालमध्ये गोऱ्या शिपायांचं नवं घोडदळ उभं केलं. कंपनीचं राज्य गेल्यावर ते राणीच्या लष्करात आलं आणि त्याला १९ हा रिकामा पडलेला क्रमांक मिळाला. तेच १९वे हुसार्स. असईला लढलेला एकही माणूस त्यांच्यात नव्हता, पण क्रमांक तोच म्हणून १८७४ मध्ये जुन्या १९व्याचे मान त्यांना अधिकृतपणे बहाल झाले. तुम्ही पाहिलेला हत्ती तिथून आला. ब्रिटिश लष्करात वारसा असा क्रमांकावरून आणि मानचिन्हावरून चालतो.

पहिल्या महायुद्धानंतर घोडदळ कमी करायचं ठरलं तेव्हा रेजिमेंटं मोडण्याऐवजी दोन-दोन जोडली. १९२२ मध्ये १५ आणि १९ मिळून १५/१९ हुसार्स झालं, तसंच १३/१८ झालं. शीतयुद्ध संपल्यावर पुन्हा कपात आली आणि १९९२ मध्ये या दोन जोड्या एकत्र करून 'लाइट ड्रॅगून्स' झालं. नाव नीट निवडलंय, कारण हुसार्स होण्याआधी १३, १५ आणि १८ हीसुद्धा लाइट ड्रॅगून्सच होती. क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत १३वी याच नावाने लढली. १८वीसुद्धा १८२१ मध्येच मोडली होती आणि १८५८ मध्ये पुन्हा उभी राहिली, म्हणजे तुमच्या १९व्यासारखाच खंड तिथेही आहे.

तेव्हा १७८१ ते १८२१ सरळ रेघ, १८२१ ते १८५८ रिकामी जागा, तिच्यावरून १८७४ पर्यंत एक तुटक कमान, आणि पुढे १९२२, १९९२ अशी सरळ रेघ काढा. मुलांना बरोबर कळेल.

एक विनंती मात्र मनापासून करतो. मॅक्सवेलच्या हाताखाली एकटे ड्रॅगून्स नव्हते. मद्रासच्या देशी घोडदळाची ४थी, ५वी आणि ७वी रेजिमेंट सोबत होती. ७४वी हायलँडर ही स्कॉटिश पायदळाची रेजिमेंट असई गावासमोर तोफांच्या माऱ्यात सापडली, जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले आणि मराठा घोडेस्वार अंगावर आले, तेव्हा धावून गेलेल्यांत १९व्याबरोबर ४थी मद्रासही होती. हत्तीचा मान गोऱ्यांच्या बिल्ल्यावर ठळक राहिला, पण तक्त्यावर हे स्वार यायलाच हवेत. आणि वेलस्लीच्या बाजूने आलेले पेशव्यांचे व म्हैसूरचे स्वार केळनेच्या दक्षिण तीरावर मराठा घोडदळाला अडवून उभे होते, तेही दाखवा.

आणि शिंद्यांचे गोलंदाज! इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा त्यातले काही तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. फळी पुढे सरकताच उठले, तोफा वळवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला घोडदळ घेऊन परत फिरावं लागलं. त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, त्यात या गोलंदाजांचा वाटा मोठा आहे. त्यांना स्वतंत्र तक्ता द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार, दादा. तुटक कमान आजच काढायला घेतो. मद्रासच्या तिन्ही रेजिमेंटांना १९व्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात जागा देतोय, आणि गोलंदाजांचा तक्ता प्रवेशद्वारापाशी लावणार.

आता पुढची मदत: असई, पिंपळगाव किंवा भोकरदन, जाफराबादकडच्या कुणाच्या घरी या लढाईशी जोडलेलं मोडी कागदपत्र, इनामाची सनद किंवा शेतात सापडलेला तोफगोळा असेल, तर कृपया त्याचा फोटो इथे टाका. वस्तू पाठवू नका, फोटो पुरे. मोडी वाचणारे कुणी असतील तर त्यांनीही हात वर करावा.