आमच्या घरची थोरली: सातारा-सांगलीकडच्या आठवणी

आमच्या जिजीचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. जेवायला आलेली माणसं तिचे उपास, तिची तुळशीची माळ, तिचा हरिपाठ काढून बोलत होती. सगळं खरंच. पण मला जिजीची भक्ती आठवते ती तिच्या हातांत. म्हणून विचारते, तुमच्या घरची आजी, आऊ, आक्का, दादी, सासूबाई, जी कोणी थोरली असेल, तिचा देव रोजच्या कामात कुठं दिसायचा? नावं नकोत. एकच आठवण असली तरी चालेल, पण सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आमचं घर तरडगावचं. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते. एक दिंडी वर्षानुवर्षं आमच्या अंगणात उतरायची. भाकरी-पिठल्याचं सगळ्या सुना बघायच्या, जिजी मात्र ओसरीवर दिवा घेऊन बसायची. समोर गरम पाण्याची घमेली. एकेका बाईचा पाय मांडीवर घ्यायचा, धुवायचा, पुसायचा. फोड आला असेल तर सुईत दोरा ओवून सुई फोडातून आरपार काढायची आणि दोरा आतच ठेवायचा. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, कातडी फाटत नाही, सकाळी बाई चालू शकते. वर हळद आणि खोबरेल. बायका लाजायच्या, "आजी, पायाला हात नका लावू" म्हणायच्या. जिजी म्हणायची, "मला पंढरपूर घडत न्हाई बाय, तुझं पाय जात्यात. मग मी धरू कुणाचं?" घरचा पसारा सोडून तिला कधी वारीला जाता आलं नाही. यंदा दिंडी आली तेव्हा त्या बायकांनी जिजीच्या फोटोपुढं अभंग म्हटले आणि मग मलाच समोर बसवून सुईदोरा कसा घालायचा ते दाखवायला लावलं.

वाईहून
आमची आजी रोज पहाटे घाटावर. कृष्णाबाईच्या उत्सवात तर घरी सापडायचीच नाही. परत येताना कळशीतलं पाणी वाटेतल्या प्रत्येक कुंडीला, प्रत्येक रोपाला घालत यायची. घरी पोचायची तेव्हा कळशी निम्मी. आजोबा चिडायचे. ती दुसऱ्या दिवशी तेच करायची.

दहिवडीची सून
सासूबाई गोंदवल्याच्या अनुग्रहित. गोंदवलेकर महाराजांनी १९१३ साली देह ठेवला, पण सासूबाई त्यांच्याबद्दल कालच भेटून आल्यासारख्या बोलायच्या. "श्रीराम जय राम जय जय राम" हा जप त्यांचं घड्याळच होता. मला स्वयंपाक त्यांनी त्यावरच शिकवला. दूध मंद आचेवर दोन माळा. तांदूळ चार माळा, मग झाकण ठेवून आणखी एक. कुकर घरात आला तरी शिट्ट्या त्यांनी मोजल्या नाहीत. गोंदवल्यात आलेल्या माणसाला प्रसाद मिळतोच, तेव्हा आपल्या दारातून कुणी उपाशी जाता कामा नये, एवढा त्यांचा हट्ट. मी नोकरी करून थकून यायचे तेव्हा हा हट्ट मला जड व्हायचा, हे खरं. पण अवेळी पाहुणा आला तर मला न उठवता त्या स्वतः पीठ मळायला बसायच्या, तेही तितकंच खरं.

सांगली, गावभाग
आक्का गुरुचरित्र वाचायची. बायकांनी ते वाचू नये असं सांगणारी माणसं घरातच होती. तिनं वाद घातला नाही, वाचन थांबवलंही नाही. वर्षातून एकदा सप्ताह, आणि चौदावा अध्याय रोज. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, यावरून अंदाज घ्या. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली देवघर पाण्यात. पाणी उतरल्यावर कोपऱ्यात चिखलाचा गोळा सापडला, तीच पोथी. आक्कानं परातीत स्वच्छ पाणी घेतलं, एकेक पान सोडवून धुतलं, धोतराच्या फडक्यावर पसरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक पानावर एक सुपारी. गच्चीभर पानं आणि सुपाऱ्या. काही पानं गेलीच. ती तिला पाठ होती, ती सांगत गेली आणि माझ्या मुलीनं वहीच्या कागदावर लिहून पोथीत घातली. नवी पोथी सहज मिळाली असती, पण तिला हीच हवी होती.

अठराव्या अध्यायात गरीब ब्राह्मणाच्या दारच्या घेवड्याच्या वेलाची कथा आहे. म्हणून परसात घेवडा लावायचा आणि पहिल्या शेंगा शेजारी द्यायच्या, हा तिचा नेम. पुरानंतरच्या वर्षीसुद्धा मोडला नाही.

मिरजेहून
आमच्याकडे सतारी बनतात. त्यासाठी भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूनं. दादी पाच वक्ताची नमाजी. गाडी आली की मुलांना बजावायची, "विठोबाच्या मुलखातून आलेत, पाय लावू नका." दर्ग्याच्या उरसात तिच्या हातचं जेवायला आमची अख्खी गल्ली यायची, सगळ्या जातीधर्मांची.

आटपाडी
आऊला अक्षरओळख नव्हती. सोमवार धरायची, चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाट चढतात ते बघायला चालत जायची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. मिलोची लाल भाकरी, कामावर मिळायची ती सुकडी. त्यातली मूठभर पदराला बांधून आणायची. आम्हाला वाटायचं आमच्यासाठी. ती जायची शेजारच्या आंधळ्या म्हातारीकडं. चुलत्यांनी हटकलं तर म्हणाली, "म्हादेवाला निवद दावला, तुमचं काय गेलं?"

कऱ्हाडची नात
इथं सगळ्यांनी गोडच लिहिलंय, म्हणून मी जरा वेगळं लिहिते. आमच्या आजीच्या सोवळ्याचा आम्हा मुलींना जाच होता. अमुक दिवशी शिवू नको, तमुक ठिकाणी बसू नको. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पण त्याच आजीनं संक्रांतीला जे केलं तेही मीच पाहिलंय. काका वारले त्या वर्षी काकू हळदीकुंकवाच्या वेळी मागच्या खोलीत तीळ निवडत बसली होती. आजी करंडा घेऊन आत गेली, तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांआधी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. एक बाई उठून निघाली. आजी म्हणाली, "जायचं तर जा, तीळगूळ घेऊन जा." २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा सगळीकडे कौतुक झालं, व्हायलाच हवं. आजीचं हे त्याच्या कितीतरी आधीचं, आणि ठरावबिराव काही नाही. आजोबा गेल्यावर तिनं स्वतःचंही कुंकू पुसू दिलं नाही. सोवळं मात्र शेवटपर्यंत तसंच. ह्या दोन गोष्टी एकाच बाईत कशा राहत होत्या, मला अजून उलगडत नाही.

विट्याहून
गावभागच्या ताई, आक्कांच्या घेवड्याचं बी आहे का तुमच्याकडे? आईला फार आवडेल.

सांगली, गावभाग
आहे ना. वेल अजून शेंगांवर आहे, बी वाळायला महिना जाईल. भावाचं विट्याला येणंजाणं असतं, त्याच्याकडे पुडी देते. मांडवाजवळ लावा, वेल उंच जातो.