परदेशी भाषा शिकायचीय, नक्की कुठली घेऊ? जर्मन, जपानी की स्पॅनिश?

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, पाच वर्षं झाली, इंग्रजी बरं आहे. आता एक परदेशी भाषा नीट शिकायची असं पक्कं केलंय पण कुठली तेच ठरत नाहीये. कुणी म्हणतं जर्मन घे, तिकडे नोकऱ्या आहेत, कुणी म्हणतं जपानी घे कारण ती येणारी माणसं कमी, आणि एक मैत्रीण म्हणते स्पॅनिश घे, सोपी आहे आणि वीस देशांत चालते. रोज एक तास आणि रविवारी अडीच तास मी नक्की देऊ शकते. शाळेत तीन वर्षं फ्रेंच होतं, मार्कही चांगले पडायचे, पण आज एक वाक्य धड बोलता येत नाही आणि त्याचं खरंच वाईट वाटतं, तसं परत व्हायला नकोय. सगळ्यात उपयोगी कुठली?

जुना_पिंपळ:
ताई, किती देशांत चालते हा हिशोब सोडून द्या, वीस देशांतली माणसं काही आपल्याशी बोलायला येत नाहीत. आधी तास मोजा. तुम्ही सांगितलेत तसे आठवड्याला साडेआठ तास, म्हणजे वर्षाला साधारण 440. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, त्यांचा अंदाज असा की कामकाजापुरती स्पॅनिश यायला वर्गातले 600 ते 750 तास लागतात, जर्मनला 900 च्या आसपास आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला 2200. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचे आहेत, आपल्याला तंतोतंत लागू नाहीत, पण अंदाज येतो. म्हणजे स्पॅनिश दीडेक वर्ष, जर्मन दोन, आणि जपानी पाच. आणि हे सगळं मधे खंड पडला नाही तर.
दुसरं म्हणजे अर्धवट भाषेचा कामात काहीच उपयोग होत नाही हे मी स्वतः भोगलंय. तीन भाषांच्या ए2 पर्यंतच्या परीक्षा दिल्या (युरोपात भाषेच्या पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत मोजतात, ए2 म्हणजे खालून दुसरी, बी2 चौथी), तीन सर्टिफिकिटं आहेत, आणि एकाही भाषेत मला साधा मेल लिहिता येत नाही. बी2 झालं की भाषा कामाला लागते, त्याआधी नाही. म्हणून एकच घ्या. आता मला एक सांगा, तुमच्या कामात आज कुठल्या भाषेतला कागद येतो का?

शेवंती_22:
मी जर्मन बी2 केलंय, बहीण नर्स आहे तिच्यासोबत अभ्यास करायचा म्हणून सुरू केलं आणि मग सोडवेना. तिच्यासारख्यांना जर्मन लागतंच, बी2 शिवाय तिथं नर्स म्हणून मान्यता मिळणं अवघड. पण तुमच्या क्षेत्रात बऱ्याच टीम इंग्रजीत काम करतात, तिथे जर्मन लागतं ते घर बघताना, डॉक्टरकडे, सरकारी पत्रं वाचताना. म्हणजे तिथं राहायला जाणार असाल तर जर्मन घ्याच, लांबून काम करणार असाल तर तेवढा फरक पडेल असं मला वाटत नाही.
व्याकरणाला घाबरू नका मात्र. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, फक्त त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, त्यामुळे प्रत्येक शब्द त्याच्या डेर, डी, डासला, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या आधीच्या छोट्या शब्दाला, चिकटवूनच पाठ करायचा, नुसता शब्द पाठ केला की पुढे रडायला होतं.

कागदी_होडी:
जपानीबद्दल मी बोलते, सात वर्षं भाषांतराचं काम करतेय. पिंपळदादांचा 2200 चा आकडा बघून घाबरू नका, वाक्यरचना आपल्या ओळखीची आहे. 'वाताशि वा तोक्यो नि इकिमास' म्हणजे 'मी तोक्योला जाते', क्रियापद शेवटी, आणि 'नि' आपल्या 'ला' सारखा मागून येतो. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा, 'इकिमास का', जाता का! मला पहिल्या आठवड्यात हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की घरी सगळ्यांना म्हणून दाखवलं.
अवघड आहे ती लिपी. नेहमीच्या वापराच्या कांजींची, म्हणजे चिनीवरून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांची, सरकारी यादीच 2136 ची आहे, आणि एकेका कांजीचे उच्चार दोन दोन तीन तीन. जपानीच्या परीक्षेला पाच पातळ्या, एन5 सगळ्यात सोपी आणि एन1 सगळ्यात अवघड. एन5, एन4 होतात पटापट, एन3 ला बरेच जण थांबतात. आयटीत खरी मागणी एन2 पासून पुढे. आणि ती परीक्षा पास होणं म्हणजे बोलता येणं नव्हे, तिच्यात बोलण्याचा पेपरच नसतो, फक्त वाचन, ऐकणं, शब्द आणि व्याकरण. तुमचं फ्रेंच असंच गेलं असणार, त्यामुळे बोलायला माणूस पहिल्या महिन्यापासून शोधा.

तळ्याकाठी:
पण आता मशीन भाषांतर करतंय की सगळं, मग पाच वर्षं घालवायची कशाला? खरंच विचारतोय.

कागदी_होडी:
मशीन कागद वाचून देतं, मीही वापरते. पण मीटिंगमधे समोरचा 'मुझुकाशिइ देसु ने' म्हणाला की मशीन सांगतं 'अवघड आहे', आणि त्याला बहुतेक वेळा 'नाही' म्हणायचं असतं. आपला माणूस त्यावर अजून आठवडाभर काम करत बसतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून लिहिलंत. पिंपळदादा, तुमच्या प्रश्नाने एकदम लख्ख झालं, कारण आमच्या एका प्रोजेक्टचे स्पेक्स, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते सांगणारे कागद, जपानीतूनच येतात, ते भाषांतर होऊन यायला दोन दोन दिवस जातात आणि कित्येक बग नुसते चुकीच्या भाषांतरामुळे पडतात. रोज डोळ्यासमोर होतं आणि मी देश मोजत बसले होते. जपानीच घेते. होडीताई, सुरुवात कशी करू? रोमन लिपीतून बोलायला शिकून मग लिपी घेतली तर चालेल का?

कागदी_होडी:
नको, रोमनची सवय लागली की सुटत नाही. हिरागानाची मूळ अक्षरं 46 आहेत, दोन आठवड्यांत होतात, मग काताकाना. काताकाना तर तुम्हाला लगेच कामाला येईल, स्पेक्समधे सर्व्हर, टेस्ट, एरर असले शब्द त्याच लिपीत असतात. कांजी हाताने लिहीत बसू नका, ओळखता आल्या आणि टाईप करता आल्या की तुमच्या कामाला पुरे. आणि ऑफिसमधे विचारून जुने स्पेक्स आणि त्यांची भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून वाचायला मिळतात का बघा, ब्रिज इंजिनियर, म्हणजे जपानी ग्राहक आणि इथली टीम यांच्यातला दुवा, झालेल्या माझ्या ओळखीतल्या दोघी असंच शिकल्या.

शेवंती_22:
काताकाना झालं की इथे येऊन सांगा हं, वाट बघते.